रविवारी ऑर्डर करू नका: संप भारी की बहिष्कार?

नीलाक्षी (कर्वेनगर), धागाकर्ती

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास जेवण घेऊन आलेल्या मुलाने पिशवी माझ्या हातात दिली आणि पैसे आधीच भरलेले असूनही तो दारात घुटमळला. "ताई, येत्या रविवारी आमचा बंद आहे. तेवढा एक दिवस ऑर्डर टाकू नका," असे तो म्हणाला. किलोमीटरमागे मिळणारा दर तीन महिन्यांत दोनदा उतरला आहे, पावसात मिळणारा जादा भत्ता बंद झाला आहे आणि तक्रार करायची तर समोर माणूस नसतो, ॲपमधली ठरलेली उत्तरे असतात, हे त्याने जिना उतरता उतरता सांगितले. कंपनीचे नाव मी लिहीत नाही आणि प्रतिसादांतही कोणी अंदाज बांधू नये, ही विनंती. प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

मी त्याला "बरं" म्हटले, पण झोपताना त्यातली विसंगती लक्षात आली. बंद त्यांचा आहे. ते ॲपवर आलेच नाहीत तर माझी ऑर्डर कोणी आणणारच नाही. मग ती टाकू नका, हे मला सांगायची गरज त्याला का वाटली? मला याचा एकच अर्थ लागतो: सगळे रायडर बंदात राहतील याची त्याला खात्री नाही. ऑर्डरी येत राहिल्या की त्या उचलायला कोणीतरी निघेल, कंपनीने दर थोडा वाढवला की आणखी काही निघतील आणि दुपारपर्यंत बंद फुटेल, हे तो ओळखून आहे. म्हणून तो संपाला बहिष्काराचा टेकू मागत होता.

कामगारांनी काम थांबवणे आणि ग्राहकांनी खरेदी थांबवणे, या दोहोंपैकी कोणते हत्यार केव्हा चालते, असा माझा प्रश्न आहे. माझी कच्ची मांडणी अशी: संप करणाऱ्याचा पगार पहिल्या दिवसापासून थांबतो, तर बहिष्कार टाकणाऱ्याला बहुधा एखादी सवय मोडावी लागते, एवढेच. त्यामुळे बहिष्कारात शिरणे सोपे आणि त्यातून गुपचूप बाहेर पडणेही तितकेच सोपे. संप फोडणारा गेटवर सगळ्यांना दिसतो. बहिष्कार मोडणारा तो आपल्या स्वयंपाकघरात बसून मोडतो. या हिशेबाने बहुतेक बहिष्कार फुसकेच निघायला हवेत आणि ते तसे निघतातही. तरीही काही बहिष्कारांनी मोठमोठ्या संपांना जमले नाही ते करून दाखवले आहे. ते कशामुळे? ज्यांनी प्रत्यक्ष संप केला आहे किंवा गल्ल्यावर बसून बहिष्कार अनुभवला आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

जुना टर्नर (भोसरी)

ताई, तुम्ही ज्याला किंमत म्हणता ती मी मोजलेली आहे, म्हणून लिहितो.

मी एकतीस वर्षे भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर काम केले. १९९० च्या दशकात आमच्या कारखान्यात (नाव नको) त्र्याहत्तर दिवसांचा संप झाला. मागणीपत्र देऊन आठ महिने झाले होते, बोलणी अडली होती आणि गेट सभेत हात वर करून बेमुदत संपाचा ठराव एकमताने झाला. आता जे सांगतो ते मला फार उशिरा उमगले. नोटिशीआधीचे दोन महिने व्यवस्थापनाने आम्हाला रोज चार-चार तास ओव्हरटाइम दिला होता. आम्ही खूश होतो. कोणी रंगीत टीव्ही घेतला, मी स्कूटरचे हप्ते फेडले. तो ओव्हरटाइम म्हणजे आमच्याच हातांनी भरलेले गोदाम होते. संप सुरू झाल्यावर सात आठवडे त्या गोदामातून माल गिऱ्हाइकाकडे जात राहिला आणि मालकाला आमची उणीव भासली नाही. आम्ही मात्र पहिल्या सात तारखेलाच कोरडे झालो. दुसऱ्या महिन्यात किराणा दुकानदाराने उधारीची वही मिटली, पतपेढीचे हप्ते थकले आणि साठाव्या दिवसानंतर गेटसमोरच्या मांडवात गावाकडे जमीन असलेलेच लोक जास्त दिसू लागले. ज्यांच्या घरी गावाहून ज्वारीचे पोते येत होते, ते टिकले.

तेव्हापासून माझे मत झाले आहे की किती लोकांनी काम थांबवले यापेक्षा मालकाकडे दुसरी वाट किती रुंद आहे, यावर संपाचा निकाल लागतो. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. संख्येला काही उणे नव्हते. पण गिरण्यांकडे साठा होता, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जात होते, काही मालकांना जुनी यंत्रे चालवण्यापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची वाटत होती आणि कायद्याने मान्यता असलेली संघटना वेगळीच असल्यामुळे सामंतांशी बोलणी करण्याचे बंधन कोणावरच नव्हते. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. आपल्याकडे चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात २५ जून २०१३ पासून ५० दिवस काम थांबले. प्रत्येक कामगाराला एक रुपया दराने ५०० समभाग द्यावेत, ही त्यातली आगळी मागणी. पण कंपनीचा दुसरा कारखाना वाळूजला होता, काही उत्पादन तिकडे वळवता येत होते, आणि शेवटी मागणी पदरात न पडता कामगार परतले.

आणखी एक आठवण. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे (आताची टाटा मोटर्स) कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते, तेव्हा मी सायकलवरून दोनदा तिथे जाऊन आलो. पेठांमधले लोक थांबून चौकशी करायचे, हळहळायचे. एका मध्यरात्री पोलिसांनी सगळ्यांना उचलले. त्या वेळी मला वाटले होते की अख्खे पुणे त्यांच्या बाजूने आहे. होतेही असेल. पण त्या हळहळणाऱ्यांपैकी एकही जण टेल्कोचा ट्रक विकत घेणारा नव्हता.

अर्धविराम

टर्नरकाका, तुमच्या शेवटच्या वाक्यात या धाग्याचे अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते. सहानुभूती असलेला माणूस आणि गिऱ्हाईक हे एकच असतील तरच बहिष्काराला अर्थ आहे. ट्रक, पोलाद, यंत्रांचे सुटे भाग यांच्या बाबतीत ते कधीच एक नसतात. तिथे कामगाराला संपाशिवाय दुसरे साधनच नाही.

उरलेले अर्धे उत्तर 'पर्याय' या शब्दात आहे. संपात मालकाला पर्याय मिळाला की संप फुटतो. बहिष्कारात उलट आहे: ग्राहकाला पर्याय मिळाला तरच बहिष्कार टिकतो. दोन्हीकडे प्रश्न एकच, तो म्हणजे कोण कोणावाचून किती दिवस राहू शकतो. फक्त त्याची बाजू पालटते. म्हणून 'संप भारी की बहिष्कार' याचे सरसकट उत्तर निघणार नाही.

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांना बसमध्ये वेगळे बसवण्याविरुद्ध झालेला बसवरचा बहिष्कार पाहावा. ५ डिसेंबर १९५५ पासून तो ३८१ दिवस चालला. बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक कृष्णवर्णीय होते, म्हणजे गिऱ्हाईक आणि पीडित एकच. तरीही नुसत्या निर्धारावर वर्षभर कोणी चालत कामाला जात नाही. सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, म्हणजे दहा सेंटमध्ये, लोकांना नेले. प्रशासनाने टॅक्सीच्या किमान भाड्याचा नियम पुढे करून ते बंद पाडले. मग लोकांनी सुमारे तीनशे खासगी मोटारींची फेऱ्यांची व्यवस्था उभी केली, तिचे थांबे ठरवले, वेळा ठरवल्या. पुढे मोटारींचे विमे रद्द होऊ लागले, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. आपल्या आठवणीत भाषणे राहतात. प्रत्यक्षात तो बहिष्कार या वाहनव्यवस्थेने पेलला. शिवाय निकाल बसकंपनीने दिला नाही, तो नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून आला. बहिष्काराने तोपर्यंत लोकांना एकत्र ठेवले आणि शहराला रोज तोटा दाखवला.

जाता जाता: 'बॉयकॉट' हा शब्द ज्याच्या आडनावावरून आला तो कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये जमिनीच्या खंडाच्या वादातून त्याच्या शेतावर मजूर जाईनात, दुकानदार माल देईनात, टपालही पोचेना. शेवटी बाहेरून पन्नासेक माणसे आणून, सैन्याच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले आणि खर्च पिकाच्या किमतीच्या कित्येक पट झाला. म्हणजे ज्या घटनेने हा शब्द दिला, ती अर्धी संपच होती.

गुळाची ढेप (मार्केट यार्ड)

आम्ही गल्ल्यावर बसणारे आहोत, त्यामुळे आमच्याकडून थोडे.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर पुण्याच्या फळबाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद न विकण्याचा निर्णय घेतला, हे आपण वाचले असेल. तो बहिष्कार दोन-चार दिवसांत लागू झाला आणि टिकला. का टिकला, ते सांगतो. पहिली गोष्ट, तो लाखो ग्राहकांनी आपापल्या घरी पाळायचा नव्हता, मोजक्या घाऊक व्यापाऱ्यांनी पाळायचा होता, आणि आम्ही एकमेकांच्या गाळ्यात काय उतरते ते रोज पहाटे बघतो. नीलाक्षीताई म्हणतात तसा स्वयंपाकघरात बसून तो मोडता येत नव्हता. दुसरी गोष्ट, इराण आणि अमेरिकेचे सफरचंद होते, शीतगृहात हिमाचल-काश्मीरचा माल होता. गिऱ्हाइकाला सफरचंद मिळत राहिले. फक्त पेटीवरचा शिक्का बदलला. देशभक्ती होतीच, ती नाकारत नाही, पण दुसरा माल नसता तर ती किती आठवडे पुरली असती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता याच्या उलट उदाहरण. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर चिनी मालावर बहिष्काराची जी लाट आली, तिच्यात तपकीर गल्लीतल्या माझ्या मेहुण्याने दिव्यांच्या चिनी माळा आत ठेवून 'स्वदेशी माल' अशी पाटी लावली. गिऱ्हाइके यायची, खोका उलटा करून बघायची, देशी माळेची किंमत ऐकायची आणि "जरा स्वस्तातली नाही का?" असे विचारायची. देशी माळेतले छोटे दिवेसुद्धा चीनमधूनच आलेले होते, ही गोष्ट तर कोणी विचारलीच नाही. २०२१ मध्ये भारत-चीन व्यापार १२५ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. तेवढा तो आधी कधीच नव्हता. जो माल ओळखू येतो, वेगळा काढता येतो आणि ज्याच्याऐवजी दुसरा देता येतो, त्याच्यावरच बहिष्कार घालता येतो. औषधाच्या गोळीतल्या कच्च्या मालावर कोण आणि कसा घालणार?

तळेगावचा

ढेपराव, हा धडा पुण्याने शंभर वर्षांपूर्वीच गिरवला आहे.

ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली आणि तिच्यासाठी विद्यार्थी सावरकरांना फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढून १० रुपये दंड केला गेला, हे आपण शाळेत शिकतो. होळी एका संध्याकाळची. दुसऱ्या दिवशी अंगावर काय घालायचे, हा प्रश्न उरतोच. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी तो त्याच्या कितीतरी आधी स्वतःपुरता सोडवला होता. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादीच्या वेशात गेले होते. वंगभंगानंतर बंगालमध्ये बहिष्कार ऐन भरात असताना देशी गिरण्यांनी कापडाचे भाव चढे ठेवल्याची तक्रार झाली आणि गरीब शेतकऱ्याला स्वस्त विलायती कापड सोडून महाग देशी कापड घेणे परवडेना. बहिष्काराचा तिथला पाया खचण्याच्या कारणांत हे एक होते.

आमच्या तळेगावचा पैसा फंड काच कारखाना मला म्हणूनच होळीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत निधी उभा केला आणि १९०८ मध्ये इथे काचकाम सुरू झाले. विलायती कंदिलाची काच नको असेल तर देशी काच करता आली पाहिजे, इतका तो साधा हिशेब होता. गंमत अशी की त्याच १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, एका वर्षाला एक दिवस. तो संप शिक्षा रद्द करवू शकत नव्हता आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. पण किती लोक पाठीशी आहेत, हे सरकारला त्या सहा दिवसांत मोजून मिळाले. काच कारखाना उभा करायला मात्र काळ्यांना कितीतरी वर्षे दारोदार हिंडावे लागले होते.

खडूस आजोबा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर आजवर सात बहिष्कार जाहीर झाले आहेत. एकही मागे घेतल्याचे स्मरत नाही आणि एकही चालू असल्याचे दिसत नाही.

कलम बावीस

आजोबांनी विनोदात सांगितलेली गोष्ट कायद्याच्या अंगानेही खरी आहे, म्हणून वकिली व्यवसायातल्या माणसाने थोडी भर घालतो.

संपाला कायद्यात सुरुवात आणि शेवट असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या बाविसाव्या कलमात नोटिशीची अट लोकोपयोगी सेवांपुरती होती; २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लावली. नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. टर्नरकाकांनी गोदामाची जी कथा सांगितली, ती आता कायद्यानेच सोपी केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे: नोटीस हातात पडल्यापासूनचे १४ दिवस व्यवस्थापनाला साठा करायला आणि ठेकेदाराची माणसे शोधायला मिळतात. याउलट ग्राहकाने उद्यापासून अमुक साबण घेणार नाही असे ठरवले तर त्याने कोणालाही नोटीस द्यायची नसते. बहिष्काराचा हा मोठा फायदा आहे. समोरच्याला तयारीला वेळ मिळत नाही.

मात्र संपाला नोटीस देणारा असतो, म्हणजेच बोलणीला बसणाराही असतो आणि कराराखाली सही करणाराही असतो. बहिष्कार पुकारणाऱ्याला तो मागे घेण्याचा अधिकार कोणी दिलेला असतो? कंपनीने नमते घ्यायचे ठरवले तरी नेमके कोणाशी बोलायचे, हेच तिला कळत नाही. नीलाक्षीताईंच्या रायडरची अडचण दुहेरी आहे. २०२० च्याच सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणारा अशी आहे. त्यामुळे संपाच्या नोटिशीची जाचक अट त्याला लागू होत नाही आणि संप करणाऱ्या कामगाराला मिळणारे संरक्षणही मिळत नाही. त्याचा ॲपवरचा आयडी सोमवारी सकाळी बंद झाला तर त्याला कोणी कामावरून काढले, असे कागदोपत्री म्हणताच येणार नाही.

एक विषयांतर, पण आवश्यक. मराठीत 'बहिष्कार' हा शब्द वापरताना त्याची दुसरी, वाळीत टाकण्याची बाजू विसरू नये. माणसाला किंवा कुटुंबाला जातीने, गावाने वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मालावरचा बहिष्कार मालापुरताच राहावा; दुकानदाराची जात किंवा धर्म बघून तो फिरू लागला की तो या धाग्याचा विषय राहत नाही.

शिरूरकर

आम्हा दूधवाल्यांचा विचार कोणी केला नाही. जुलै २०१८ मध्ये राजू शेट्टींच्या हाकेवर मुंबई-पुण्याचे दूध अडवले, तेव्हा चार दिवसांत सरकारने लिटरला २५ रुपये दर जाहीर केला. कारण दूध साठवून ठेवता येत नाही आणि शहराला सकाळी चहा लागतो. पण दोन्ही बाजूंनी धार लागते हो. म्हैस संपावर जात नाही. सकाळ-संध्याकाळ ती पिळावीच लागते आणि ते दूध ओतताना काय वाटते, ते पुण्यात बसून कळणार नाही.

अर्धविराम

कलम बावीस यांनी मांडलेला 'बोलणीला कोण बसणार' हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण ज्या बहिष्कारांमागे एखादा संप उभा होता तेच बहुधा नीट शेवटाला गेले.

कॅलिफोर्नियातील डेलानो येथे सप्टेंबर १९६५ मध्ये आधी फिलिपिनो द्राक्षमजूर संपावर गेले आणि आठवड्याभरात सेझर चावेझ यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. मळेवाले बाहेरून दुसरे मजूर आणत राहिले आणि संप शेतात हरू लागला. मग संपकऱ्यांनी मोठमोठ्या शहरांत जाऊन ग्राहकांना द्राक्षे घेऊ नका, असे सांगायला सुरुवात केली. ज्याच्या द्राक्षांवर बहिष्कार होता अशा एका मोठ्या मळेवाल्याने दुसऱ्यांची लेबले लावून माल खपवला. ढेपराव ज्याला माल ओळखू येणे म्हणतात, तीच ही अडचण. त्यावर संघटनेने सरळ कॅलिफोर्नियाच्या सगळ्याच खायच्या द्राक्षांवर बहिष्कार पुकारला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांसाठी द्राक्षांची खरेदी वाढवली, तरी १९७० च्या जुलैत डेलानोच्या मळेवाल्यांनी करार केले. विशेष म्हणजे शेतमजूर १९३५ च्या अमेरिकी कामगार कायद्यातून वगळलेले होते. त्यामुळे त्या कायद्याचे संरक्षण त्यांना नव्हते, पण दुकानांवर असा दबाव आणायला इतर संघटनांना जी बंदी होती तीही त्यांना लागू नव्हती. गिग कामगाराविषयी वर जे लिहिले आहे, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

द्राक्षे निवडण्यातही शहाणपण होते. द्राक्षे नाशवंत आहेत, ती गरजेची नाहीत, त्यांच्याऐवजी दुसरे फळ खाता येते आणि ती न घेतल्याने गृहिणीचे काही अडत नाही. हाच बहिष्कार गव्हावर चालला नसता.

उलट दिशेचे उदाहरण डब्लिनचे आहे. जुलै १९८४ मध्ये डन्स स्टोअर्स या दुकानसाखळीतली मेरी मॅनिंग ही २१ वर्षांची मुलगी गल्ल्यावर बसली असताना तिने तेव्हाच्या वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेची फळे बिलात घ्यायला नकार दिला आणि तिच्या निलंबनावरून तिचे काही सहकारी संपावर गेले. कामगारांची संख्या दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तो संप अडीच वर्षांहून अधिक चालला आणि १९८७ मध्ये आयर्लंडच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळे-भाजीपाल्यावर बंदी घातली. ग्राहकांना जो बहिष्कार आठवत राहावा लागला असता, तो दाराबाहेर उभ्या असलेल्या या मुलींनी रोज आठवून दिला.

रास्त भाव

ग्राहक चळवळीत उमेदीची वर्षे घालवलेला मी एक कार्यकर्ता आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, तेव्हापासूनचा आमचा अनुभव असा की ग्राहकाला 'घेऊ नका' सांगण्यापेक्षा 'इथून घ्या' सांगणे दहापट सोपे असते. एकत्र खरेदी करणारी कुटुंबे हाताशी असली की एखाद्या वस्तूवरचा बहिष्कार म्हणजे यादीतली एक ओळ खोडणे, एवढेच काम उरते.

पण वरच्या चर्चेत सगळ्यांनी विक्रीतल्या घटीवर भर दिला आहे, तेथे माझा मतभेद आहे. बहिष्काराने विक्री फारशी घटली नाही तरी कंपन्या नमतात. ब्रेडन किंग या अभ्यासकाने अमेरिकेतल्या १९९० ते २००५ या काळातल्या बहिष्कारांची छाननी केली, तेव्हा वृत्तपत्रांत गाजलेले बहिष्कार आणि आधीच प्रतिष्ठा घसरलेल्या कंपन्या, अशी जोडी जमली की माघार होण्याचा संभव जास्त, असे त्याला दिसले. मालकाला भीती वाटते ती नावाला लागणाऱ्या बट्ट्याची. १९९५ मध्ये शेल या तेलकंपनीने ब्रेंट स्पार ही तेलसाठ्याची तरंगती टाकी अटलांटिकमध्ये बुडवायचे ठरवले, तेव्हा जर्मनीत लोकांनी शेलचे पंप टाळले. पुढच्या चौकात दुसरा पंप होताच. ब्रिटिश सरकार शेलच्या पाठीशी होते, तरी २० जूनला कंपनीने बेत सोडला. नंतर या मोहिमेमागच्या ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेला टाकीत उरलेल्या तेलाचा आपला अंदाज चुकीचा होता, हे मान्य करून माफी मागावी लागली. म्हणजे बहिष्कार खऱ्या मुद्द्यावरच यशस्वी होतो, असेही नाही. संपात निदान दोन्ही बाजू हिशेबाच्या वह्या उघडून बसतात. बहिष्कारात मथळा जिंकतो. हे मी स्वतः ग्राहकांच्या बाजूचा असूनही लिहीत आहे.

नीलाक्षी (कर्वेनगर)

सर्वांचे आभार. रविवार होऊन गेला, म्हणून प्रत्यक्ष काय घडले ते लिहिते.

आमच्या फाटकावर सुरक्षारक्षक प्रत्येक डिलिव्हरीची नोंद वहीत करतात: वेळ, सदनिका आणि कंपनी. सोमवारी सकाळी मी ती वही मागून घेतली आणि जिन्यात बसून दोन रविवारांच्या नोंदी मोजल्या. बंद पुकारलेल्या कंपनीच्या आदल्या रविवारी ३१ फेऱ्या होत्या, या रविवारी ९. मला बरे वाटले. मग प्रतिस्पर्धी कंपनीच्या मोजल्या: आदल्या रविवारी २२, या रविवारी ३८. म्हणजे आमच्या बहुतेक शेजाऱ्यांनी घरचा स्वयंपाक वगैरे काही केला नाही. ऑर्डर नुसती या ॲपवरून त्या ॲपवर गेली. बंद असलेल्या कंपनीच्या दृष्टीने हा तोटाच आहे, हे मी अर्धविराम यांच्या मांडणीवरून समजून घेतले. ग्राहकाला पर्याय होता, म्हणून त्याने बहिष्कार पाळला.

पण खरी गोष्ट रक्षककाकांनी सांगितली. "अहो मॅडम, पोरं तीच होती. नुसते टी-शर्ट बदलून आली." बऱ्याच मुलांकडे दोन्ही कंपन्यांचे आयडी आहेत. त्या दिवशी त्यांनी एका कंपनीचे ॲप बंद ठेवले आणि दुसऱ्या कंपनीची वाढलेली कामे केली. गुरुवारी माझ्या दारात थांबलेला मुलगाही त्यांत होता; त्याने संध्याकाळी आमच्याच मजल्यावर बिर्याणी आणून दिली.

जुना टर्नर (भोसरी)

म्हणजे संपही झाला आणि त्या दिवसाची रोजीही सुटली नाही! आम्हाला हे त्र्याहत्तर दिवसांत एकदाही सुचले नसते, कारण भोसरीत संपावरच्या माणसाला दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर कोणी उभे करत नसे; नावांची यादी आधीच पोचलेली असायची. ताई, मला दोन गोष्टी सांगा. त्या मुलांचे आयडी चालू आहेत का? आणि कंपनीने दराचे काही केले का?

नीलाक्षी (कर्वेनगर)

काका, त्या मुलाचा आयडी मंगळवार दुपारपर्यंत चालू होता, एवढे मी विचारून घेतले. दर तोच आहे. मात्र सोमवारी संध्याकाळी सगळ्या रायडरना 'या आठवड्यापुरता विशेष प्रोत्साहन भत्ता' असा संदेश आला आहे. आठवडा रविवारी रात्री बारा वाजता संपतो, असे त्यात बारीक अक्षरात लिहिले आहे. दुसऱ्या कंपनीच्या दराबाबतही मुलांची तक्रार आहेच, पण दोन्हीकडे एकाच दिवशी बंद ठेवायचा तर टी-शर्ट कोणता घालायचा, असे तो हसत म्हणाला. मी पुढच्या दोन रविवारांच्या नोंदीही मोजणार आहे. रक्षककाकांची वही भरत आली आहे. त्यांनी सोसायटीकडे नवी, मोठ्या रकान्यांची मागितली आहे.